वेशीबाहेरची जागा

२ ऑगस्ट २०१४, शनिवार

सिंगापूरला सुखरूप पोहोचलो. शुभदा गेल्यापासून आठ महिन्यांत आज प्रथमच मन प्रसन्न झाले. तशी नोंद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

विमानतळावर कन्या राधिका, जावई अनीश आणि नात अवनी असे तिघेही आले होते. अवनीने पहिल्याच भेटीत माझा चष्मा ओढून काढला. तेव्हा अनीश हसून म्हणाला की बाबा, आता तुमचं उत्खनन सुरू झालं. मीही हसलो.

येथील विद्यापीठाने पुरातत्त्वाचे एक सत्र शिकवण्यासाठी बोलावले असून सेम्बावांग येथे सरकारी वसाहतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट दिला आहे. जागा स्वच्छ, हवेशीर. स्वयंपाकघरातून जहाजदुरुस्तीच्या गोदीच्या क्रेन दिसतात. सेंगकांगला आमच्याकडेच राहा, असा राधिकेचा आग्रह होता. कार्यस्थळ येथून पायी अंतरावर असल्याचे कारण सांगून मी नकार दिला.

तांब्याचा कलश हातातल्या पिशवीतून आणला. डिसेंबरात शुभदा गेली तेव्हा राधिका बाळंतीण होती, पुण्यास येऊ शकली नाही. म्हणून अर्ध्या अस्थी आळंदीस विसर्जित केल्या आणि अर्ध्या तिच्या हातून व्हाव्यात म्हणून राखून ठेवल्या. तिने गाडीतच विचारले की बाबा, सोळा तारखेची बोट सांगितलीय चांगीहून, गुरुजीही मिळालेत, चालेल ना? मी चालेल म्हटले.

कलश खिडकीपाशी ठेवला आहे. शुभदाला सकाळचे ऊन आवडत असे.

४ ऑगस्ट, सोमवार

आज वर्गाचा पहिला दिवस.

गोदीच्या जुन्या वसाहतीमागे लाल मातीच्या उतारावर एक रोमन नगर पुरलेले आहे. ते अर्थातच खरे नाही. दरवर्षी एवढ्या विद्यार्थ्यांना इटलीस नेणे परवडत नाही, म्हणून विभागाने काही वर्षांपूर्वी येथे एक फरसबंद रस्ता, दोन घरांचे पाये, स्नानगृहाचा एक कोपरा आणि नगराची वेस असे सारे बांधून घेतले, त्यात खापरे, दिवे, नाणी यांच्या प्रतिकृती ठेवल्या आणि थरावर थर घालून सारे झाकून टाकले. विद्यार्थी ते उकरतात, मोजतात, रेखाटतात. सत्राअखेर पुन्हा पुरतात. वर ताडपत्रीचे छप्पर आहे. मराठवाड्यात तेरच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांच्या खापरांत ज्याची निम्मी नोकरी गेली त्याला ही नक्कल हास्यास्पद वाटायला हवी होती. परंतु बांधणी चोख आहे. मला ती आवडली.

विद्यार्थी उत्साही आहेत. जुनवेई नावाचा एक उंच मुलगा सतत विनोद करतो. हे मेड-इन-चायना रोम आहे सर, माझ्यासारखंच, असे तो म्हणाला. वल्लरी ही आंग मो किओ येथे वाढलेली मराठी मुलगी. तिचे आईवडील पुण्याचे, संगणक क्षेत्रातले. मराठी तिला समजते, उत्तर मात्र इंग्रजीतून येते आणि शेवटी येथल्या लकबीचा ‘लाह’ लागतो. तिने मला अंकल म्हटले. मी ‘सर’ अशी दुरुस्ती केली. चूक ऐकून गप्प बसणे मला कधीच जमलेले नाही. शुभदा यावरून मला पुष्कळ बोलत असे.

पहिला धडा नेहमीचाच दिला. खड्डा वरून खाली जातो. त्याची कड कोणत्या थरातून सुरू होते हे पाहिले की तो केव्हा खणला ते कळते. खालून वर कधीच नाही का, असे जुनवेईने विचारले, आणि सगळे हसले. अजून तरी माझ्या पाहण्यात नाही, असे मी गंभीरपणे सांगितले. त्यावर ते आणखी हसले.

७ ऑगस्ट, गुरुवार

आमच्या नगरात एक उणीव आहे. त्याला स्मशान नाही.

रोमन लोक मृतांना वेशीच्या आत ठेवीत नसत. वेशीबाहेर, रस्त्याच्या कडेला दहनानंतरच्या अस्थी मडक्यात घालून पुरत. उद्देश हा, की येणाऱ्याजाणाऱ्याने क्षणभर थांबावे आणि नाव उच्चारावे. ही प्रथा मला नेहमीच सभ्य वाटली आहे. आपण नदीत सोडतो, आणि मग कोठे थांबायचे हे कळत नाही.

संध्याकाळी राधिका ऑफिसातून परस्पर आली. तिने कलश मांडीवर घेतला आणि पदर नसूनही पदराने पुसावा तसा ओढणीने पुसला. आई, आता थोडेच दिवस, असे ती त्याला म्हणाली.

मला ते सहन झाले नाही. चहा टाकण्याच्या निमित्ताने मी आत गेलो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

काम झाले.

दुपारी वर्ग सुटल्यावर मी वेशीबाहेर लहानसा खड्डा घेतला. तेथे नगराचे बनावट थर संपतात. माणसाचा हात न लागलेली, पिवळसर, घट्ट माती लागते. विभागाच्या कपाटातील एक लाल मडके निवडले. शुभदाला त्यात ठेवले. झाकण बसवले, माती दाबली.

याची कारणमीमांसा लिहून ठेवतो. विद्यार्थ्यांना दहन केलेल्या अस्थींचा खरा पोत, खरा रंग कळायला हवा; तो प्रतिकृतीतून कळत नाही. हे एक. शेवटच्या आठवड्यात ते तिला हलक्या हातांनी उचलतील, मऊ कुंचल्याने झाडतील, तिचे चित्र काढतील आणि पुन्हा जागच्या जागी ठेवतील. दरवर्षी नवे विद्यार्थी येतील. दरवर्षी एकदा ती माणसांच्या हातांत येईल. समुद्र हे करणार नाही.

राधिकेला काय सांगायचे याचा विचार अद्याप केलेला नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

आमच्या इमारतीखाली लोखंडी पिंपे ठेवली आहेत. चिनी पंचांगाचा सातवा, मृतांचा महिना चालू असून रहिवासी त्यांत कागदी नोटा, कागदी कपडे, सोनेरी कागद जाळतात. पिंपाशेजारी जमिनीवर संत्री, भाताचा वाडगा, पेटत्या उदबत्त्या. सकाळी जाताना माझा पाय काठाशी सांडलेल्या राखेवर पडला. जुनवेई मला न्यायला आला होता. त्याने माझा दंड धरून मागे ओढले आणि चक्क माझ्यावतीने राखेची माफी मागितली.

मग चालता चालता त्याने समजावून सांगितले. ज्या मृतांची घरी आठवण ठेवतात त्यांची चिंता नसते, सर. हे बाकीच्यांसाठी. ज्यांना घर नाही, नाव घेणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी. एकदा जेवू घातले की ते आपल्या वाटेने जातात. घरात तेवढे बोलवायचे नाही. आणि मागून कोणी नावाने हाक मारली तर वळायचे नाही. हे सारे त्याची आजी सांगते, त्याचा स्वतःचा विश्वास नाही, हेही त्याने घाईने जोडले. पण राखेला वळसा घालूनच चालला.

लोकाचार म्हणून ही माहिती उपयुक्त आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

राधिकेचा फोन आला. उद्या सकाळी निघायचे आहे, पांढरा सदरा आहे ना बाबा, कलशाचं कापड मी आणते, असे ती म्हणाली. तिच्या आवाजात इतके समाधान होते की सदरा आहे, एवढेच मी सांगितले.

कलश रिकामा होता. खाली पिंपात राख होती, थंड, करडी, बारीक. कागदाची राख ही शेवटी कागदाचीच राख. मी ती चाळून घेतली. वजनासाठी थोडी वाळू मिसळली.

हे योग्य नव्हे याची मला जाणीव आहे. मात्र दोघींपैकी कोणाचेही नुकसान होत नाही. राधिकेला विधी मिळतो. शुभदा माझ्याजवळ राहते.

१६ ऑगस्ट, शनिवार

विसर्जन यथासांग पार पडले. समुद्र शांत होता. गुरुजी मूळचे नाशिकचे, उच्चार स्वच्छ. त्यांनी शुभदाचे नाव घेतले, गोत्र घेतले, तीळ आणि दूध वाहिले, पिंड दिला. राधिकेने कलश ओंजळीत धरून हळूहळू रिता केला आणि रडत म्हणाली की ये आई, कधीही ये, अवनीला बघायला ये.

राखेतून न जळलेला सोनेरी कागदाचा एक तुकडा निसटला व पाण्यावर चमकला. माझी चाळणी भरड होती. आईच्या तोंडात ठेवलेलं सोनं असेल का हे, असे राधिकेने विचारले आणि ती तो उचलायला वाकली. राहू द्या, जाऊ द्या, असे गुरुजी म्हणाले. तुकडा लाटेबरोबर गेला.

परतताना एक गोष्ट मनात आली. नाव, गोत्र, अन्न आणि निमंत्रण हे सर्व आज दिले गेले. शुभदाला ते पोहोचले नाही. ती वेशीबाहेर आहे.

मग ते कोणी घेतले?

विचार निरर्थक आहे. झोप नीट झालेली नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

मूळ बेत शेवटच्या आठवड्याचा होता, तरी आजच वेशीबाहेरचे काम सुरू करवले. मला तिला पाहायचे होते.

मडके दुपारपूर्वी लागले. जागा बरोबर, झाकण जसेच्या तसे. वल्लरीने अतिशय नाजूकपणे भोवतालची माती काढली. मग तिने थापीच्या मुठीने मडक्याखालची जमीन ठोकून पाहिली आणि माझ्याकडे वर बघितले. सर, पोकळ आहे लाह, असे ती म्हणाली.

अशक्य. ती कोरी माती आहे. मी स्वतः ठोकून पाहिले.

पोकळ आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मडके न हलवता बाजूने उभा छेद घेतला, म्हणजे पोकळीचा आकार दिसावा. तो दिसला.

तळ रुंद आहे. वर येताना पोकळी निमुळती होत जाते आणि मडक्याच्या खाली वीतभर अंतरावर थांबते. वरचा एकही थर तुटलेला नाही. पाणी, मुळे, वाळवी असे सगळे पर्याय मी विद्यार्थ्यांसमोर तपासले. भिंतींवर ओरखडे आहेत, चार चार शेजारी शेजारी. ओरखड्याच्या शेवटी माती साचते, त्यावरून हाताची दिशा कळते. हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. माती वरच्या टोकाला साचली आहे.

 मग जुनवेई म्हणाला की सर, हा खड्डा खालून वर आला आहे. तो विनोद करीत नव्हता.

वल्लरीने पोकळीच्या तळातून एक वस्तू चिमट्याने उचलून माझ्या तळहातावर ठेवली. ओला, सोनेरी कागद. त्याला समुद्राच्या पाण्याचा वास होता.

मी सर्वांना घरी पाठवले.

२० ऑगस्ट, बुधवार

जुनवेई आला नाही. आजीने महिना संपेपर्यंत माती उकरण्यास मनाई केल्याचा निरोप त्याने वल्लरीकडे दिला. सर, तुम्हीही जाऊ नका, असेही कळवले आहे.

वल्लरीने माझ्या अनुमतीने मडक्याचे झाकण उघडले. अस्थींत तिला हिरव्या काचेचा वितळलेला थेंब सापडला. तिने तो उजेडात धरला. तिची आजी गेली तेव्हा चितेवर तिने हिरवा चुडा पाहिला असावा. मी येथे आल्यापासून प्रथमच ती माझ्याशी मराठीत बोलली. सर, ह्या कोण, असे विचारले.

 तिने थेंब जागच्या जागी ठेवला, झाकण लावले, मडक्याला हात लावून नमस्कार केला आणि ती गेली.

मी तेथेच बसून होतो. ऊन रखरखीत होते. ताडपत्रीखाली वारा नव्हता.

खालून हाक आली. पद्माकर.

शुभदाचा आवाज. तोच, थोडा बसका, शेवटी उचललेला. मी ओरडून तिचे नाव घेतले. मी रडलो. आठ महिन्यांनंतर —

फ्लॅटवर येऊन हे लिहिताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. संसाराच्या सगळ्या वर्षांत शुभदाने माझे नाव घेतले ते फक्त लग्नात, उखाण्यात. घरात, दवाखान्यात, अगदी शेवटच्या दिवशीही तिने मला कधी नावाने हाक मारली नाही.

मडक्यातली ती माझ्या नावाने हाक मारणार नाही. मग हे जे मारते —

राधिकेने बोटीवर काय म्हटले होते, ते आता आठवू नये असे वाटते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

विभागाने जमीन खचण्याच्या भीतीने काम थांबवले. कुंपण घातले. मी गेलो.

पोकळीचे तोंड काल वीतभर खाली होते. आज मडक्याच्या तळाला टेकले आहे.

पुन्हा हाक. पद्माकर. पद्माकर. गोड, आर्जवी. चुकीची.

आणि मी — हे लिहिण्याची लाज वाटते — भीती वाटण्याआधी माझ्यातला मास्तर जागा झाला. तू शुभदा नव्हेस, असे मी मोठ्याने सांगितले. ती मला नावाने हाक मारीत नसे, ती ‘अहो’ म्हणे, असेही सांगितले.

खाली सर्व शांत झाले. ऐकून घेतल्यासारखे.

मी दुरुस्ती केली. मी त्याला शिकवले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

राधिकेला फोन करून सर्व सांगितले. मडके, पिंप, राख. ती रडेल किंवा ओरडेल असे वाटले होते.  तिने मात्र हळू आवाजात विचारले की मग बाबा, त्या दिवशी आम्ही कोणाला बोलावलं?

उद्या सकाळी ती आणि अनीश कलश घेऊन येतील. आईला तिथून बाहेर काढा, एवढंच करा, मी तिला नेते, असे ती म्हणाली. मडके काढायचे, कलशात भरायचे, तिच्या हाती द्यायचे. मग शुभदा मोकळी होईल. हे मी करीन.

वल्लरीचा संदेश आला. मराठीत, मोडक्या अक्षरांत. सर एकटे जाऊ नका.

राधिका पोहोचेपर्यंत थांबणे शहाणपणाचे. परंतु पोकळी रोज वर येते आहे आणि मडके तिच्या तोंडावर आहे. ते आत गेले तर —

२३ ऑगस्ट, शनिवार

उजाडल्यावर वही घेऊनच येथे आलो. मडके कलले होते. खाली काळोख. हात घालून धरले. खालूनही कोणीतरी धरले होते. ओढले. सुटले.

ती माझ्याजवळ आहे. संपूर्ण. हिरवा थेंबही.

राधिकेचा फोन. पाऊस आहे, गाड्या तुंबल्यात, बाबा तुम्ही कुंपणाबाहेर थांबा. हो म्हटले.

मडके वेशीच्या आत, फरसबंद रस्त्यावर ठेवले आहे. राधिकेला आल्याबरोबर दिसेल. राधिके, ही आई. हीच. हिला ने. खालच्या कशालाही —

हाक आली.

अहो.

तसेच. अगदी तसेच. दुपारी चहा झाला की स्वयंपाकघरातून म्हणायची, तसे.

मला ठाऊक आहे की ती खाली नाही. ती तेथे रस्त्यावर मडक्यात आहे, मी स्वतः ठेवली आहे. हा शब्द मीच शिकवलेला आहे. मला सर्व ठाऊक आहे.

पण मडके हाक मारीत नाही. आठ महिने आधी कलशाने, मग मडक्याने एकदाही —

अहो. ऐकलंत का.

हे मी शिकवले नव्हते.

कडेपर्यंत आलो आहे. वाकून एवढेच सांगतो की राधिका येते आहे, थोडं थांब. एवढेच सांगून मागे —

अहो

हो, आलो, आ